लॅपटॉप, तू कुठल्या वाय-फायवर आहेस?

प्राध्यापक मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करत असले तरी लॅपटॉपचा बॅकअप आपोआप सुरू व्हायचा आणि त्यांच्या डेटा पॅकचा फडशा पडायचा. यावर पुण्यातल्या एका महाविद्यालयाच्या कॉम्प्युटर लॅबमधल्या मॅडमनी स्क्रिप्ट लिहिली आहे असं कळलं, म्हणून मुद्दाम पाहायला गेले.

मॅडमनी काळ्या खिडकीत ‘नेटश डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस’ ही कमांड दिली. भराभर ओळी उमटल्या: कार्डाचं नाव, वेग, सिग्नल. त्यातली हवी होती एकच. ‘एसएसआयडी’ शोधलं तर दोन ओळी हाती आल्या, कारण ‘बीएसएसआयडी’च्या पोटातही तीच अक्षरं. पहिलं माणसाने ठेवलेलं नाव, दुसरा राउटरच्या रेडिओचा पत्ता. ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा संपताच ‘एसएसआयडी’ आलं तरच ती ओळ घ्यायची, असा नियम मॅडमनी घातला. ते नाव महाविद्यालयाच्या वाय-फायशी जुळलं तर बॅकअप, नाही तर काहीच नाही. लिनक्सवर ‘आयडब्ल्यूगेटआयडी’ ही कमांड वाय-फायचं नाव एका ओळीत सांगते.

“नावाला 32 बाइटच मिळतात,” मॅडम म्हणाल्या. 32 ऐकायला भरपूर. पण यूटीएफ-8 मध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला, कान्याला, अनुस्वाराला, जोडाक्षरात दडलेल्या हलन्तालाही तीन-तीन बाइट लागतात. ‘ग्रंथालय’ 24 बाइटांत बसतं. पुढे ‘तळमजला’ जोडलं की 32 ची हद्द ओलांडली. रोमन लिपीला 32 अक्षरं आणि आपल्याला जेमतेम दहा, हे मला फार लागलं.

शिवाय नाव कुणालाही ठेवता येतं. मॅडमनी स्वतःच्या हॉटस्पॉटला महाविद्यालयाच्या वाय-फायचं नाव देऊन दाखवलं. स्क्रिप्टने नाव मान्य केलं, पण राउटरचा पत्ता ओळखीच्या पत्त्यांच्या यादीत नाही म्हणून ती तिथेच थांबली. ही दुसरी चाळणी त्यांनी आपणहून घातली आहे, कुणी सांगितलं नव्हतं.

विंडोज 11 च्या 24एच2 आवृत्तीपासून या कमांडला लोकेशनची परवानगी लागते. अँड्रॉइडवर वाय-फायचं नाव वाचायला ती आधीपासूनच लागते. हे योग्यच आहे, असं माझं ठाम मत. कुठल्या पत्त्याचा राउटर कुठे आहे याची माहिती बड्या कंपन्यांनी गोळा करून ठेवलेली असते, त्यामुळे वाय-फाय कळलं की माणूस कुठे बसलाय तेही कळतं. मॅडमना हे पटतं. पण एकेक लॅपटॉप उघडून ती परवानगी चालू करायचं काम त्यांच्याच वाट्याला येतं, आणि मदतीला माणूस नाही.