आपलाच हात, पण परका!

खिशात किल्ली, सुटे पैसे, पेन ड्राइव्ह. न बघता नेमकी किल्लीच बाहेर काढता ना? स्ट्रोकनंतर अनेकांना हीच साधी गोष्ट जमत नाही. हात हलतो, पण हातात काय आहे ते बघितल्याशिवाय कळत नाही. आणि 'हा तर म्हाताऱ्यांचा आजार' म्हणून रिलॅक्स होऊ नका. स्ट्रोक तिशीतही गाठतो.

गंमत म्हणजे बिघाड हातात नसतोच! स्पर्शाचे सिग्नल थॅलॅमसमार्गे मेंदूच्या वरच्या थरात पोचतात. उजव्या मेंदूतली ही वाट बंद झाली की डावा हात बधिर. त्यामुळे तेल कितीही चोळा, मूळ दुखणं तिथं नाही. बधिरपणा घालवणारी गोळीही अजून नाही. मग? मेंदूला पुन्हा शाळेत घालायचं!

डब्यातली शाळा : डबाभर तांदूळ घ्या. त्यात नाणं, बटण, चमचा लपवा. डोळे मिटून चाचपा, ओळखा. चुकलात? डोळे उघडून बघा, पुन्हा चाचपा. टॉवेल, रेशीम, पॉलिशपेपर यांतला फरकही असाच शिका. ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून आधी प्लॅन आखून घ्या.

चांगल्या हाताला सुट्टी : चांगल्या हातात मोजा घालून दुबळ्या हातालाच कामाला लावायचं. 'एक्साइट' या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासात २२२ पेशंट होते. दोन आठवड्यांच्या या थेरपीनं हाताचा वापर सुधारला. अर्थात, मनगट-बोटं थोडी तरी हलायला हवीत.

जपा! : आंघोळीचं पाणी चांगल्या हातानं तपासा. बधिर हाताला गरम पाण्याच्या पिशवीचा शेक नको. भाजलेलं कळणारच नाही. तवा, इस्त्री, सुरी यांपासून सांभाळून. हातात आग होत असेल, तर डॉक्टरांना सांगा. त्या वेदनेवर औषधं आहेत.

सुधारणा पहिल्या काही महिन्यांत जास्त वेगानं होते, पण नंतरही थांबत नाही. सगळ्यांचा हात पूर्ववत होतोच असं नाही. तरी शर्टाचं बटण स्वतः लावता येणं, हा विजय छोटा नाही!

आणि हो, एका बाजूचा हात अचानक बधिर झाला, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर 'झोपून बघू' म्हणू नका. लगेच १०८ फिरवा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. डेडलाइन म्हणतात ती हीच!