एका कृमीचा कुलवृत्तांत

प्राण्याचें शरीर एकाच पेशीपासून, एकीच्या दोन, दोहींच्या चार, अशा क्रमानें वाढतें, हें विद्यार्थ्यांस ठाऊक असतेंच. परंतु कोणती पेशी कोणत्या पेशीची कन्या, हें ओळखावें कसें? प्राणी मारून, त्याचे पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवले, तर त्या एका क्षणाची स्थिति दिसते; मागचें-पुढचें कांहींच कळत नाहीं. घरच्या मंडळींचें एकच छायाचित्र पाहून कुलवृत्तांत लिहावयास बसण्यासारखेंच तें होय.

म्हणून जिवंत प्राण्याकडेच पाहत बसणें प्राप्त झालें. केंब्रिज येथें सिडने ब्रेनर यांनीं संशोधनासाठीं जो कृमि निवडला, तो अवघा १ मिलिमीटर लांब व कांचेसारखा पारदर्शक आहे. त्यांचे सहकारी जॉन सल्स्टन यांनीं अशी भिंगरचना वापरली कीं, तिच्यांतून न रंगवितांही पेशींचीं केंद्रकें उठावदार दिसत. गर्भांतील विभाजनें टिपण्यासाठीं सुमारें दीड वर्ष, रोज दोन वेळां चार-चार तास, ते यंत्रास डोळा लावून बसले व हातानें आकृति काढीत राहिले. यंत्रें पुष्कळांजवळ असतात. अशी बैठक क्वचितच आढळते!

अंड्यांतून बाहेर पडण्यास गर्भास सुमारें १४ तास लागतात. तेव्हां अनेक गर्भांचीं निरीक्षणें एकमेकांस जोडावीं लागलीं. आणि तीं जुळलीं, कारण प्रत्येक कृमींत विभाजनाचा क्रम जवळजवळ एकच असतो. अळीच्या अवस्थेचा वंशवृक्ष १९७७ सालीं व गर्भाचा १९८३ सालीं प्रसिद्ध झाला. जननपेशी वगळतां उभयलिंगी कृमींत १०९० पेशी उत्पन्न होतात. त्यांपैकीं १३१ मरतात व ९५९ उरतात.

खरें नवल त्या १३१ पेशींचें. प्रत्येक कृमींत त्याच पेशी, त्याच वेळीं मरतात. अर्थात् हा अपघात नव्हे, नेमलेलें मरण आहे. रॉबर्ट हॉर्विट्झ यांच्या प्रयोगशाळेनें १९८६ सालीं असे दोन जनुक दाखविले कीं, ते बिघडल्यास या पेशी जिवंतच राहतात. असे जनुक मनुष्यांतही आहेत. मरावयाची पेशी मेली नाहीं, तर कर्करोगास वाट मिळूं शकते. ब्रेनर, हॉर्विट्झ व सल्स्टन या तिघांस २००२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

वाचकहो, आईच्या उदरांत आपलींही बोटें प्रथम पातळ पडद्यानें जोडलेलीं होतीं. तेथील पेशी अशाच नेमल्या वेळीं मेल्या, म्हणून तीं सुटीं झालीं.