मातीच्या भिंतींचं चॅपल

इंग्लंडच्या दक्षिणेला डॉर्सेट नावाचा परगणा आहे. तिथल्या टॉलपडल या खेड्यात कधी गेलात, तर मातीच्या भिंतींच्या एका लहानशा इमारतीपाशी जरा थांबा. ना उंच मनोरा, ना नक्षीकाम. तुम्ही म्हणाल, यात काय बघायचं?

१८१८ साली गावातल्या मेथडिस्ट पंथाच्या लोकांनी हे चॅपल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर, बांधलं. माती आणि पेंढा एकत्र तुडवायचा आणि थरावर थर रचत भिंत उभी करायची. आपल्याकडची जुनी घरं अशीच नसायची का? आता गावात मोठं दगडी चर्च असताना हे दुसरं कशाला, असं तुम्हाला वाटेल. ते चर्च होतं सरकारमान्य पंथाचं. त्याच्या बाहेर राहणाऱ्यांना सरकारी पदं कायद्याने १८२८ पर्यंत बंद होती, आणि ऑक्सफर्ड विद्यापीठात तर १८५४ पर्यंत प्रवेशच नव्हता!

पण या खोलीत एक मोठी गंमत होती. इथे प्रवचन करायला दरवेळी पाद्रीच लागायचा असं नाही. आठवडाभर नांगर धरणारा मजूर रविवारी उभा राहून चारचौघांत बोलायचा. जॉर्ज लव्हलेस हा त्यांतलाच एक. स्वतःच्या कष्टाने वाचायला शिकलेला, घरी थोडीफार धार्मिक पुस्तकं जमवलेला. ज्याला भल्या माणसांपुढे मान वर करायची सवय नव्हती, तो इथे बोलायला शिकला. मला वाटतं, पुढचं सगळं इथूनच सुरू झालं.

त्या वेळी शेतमजुराला आठवड्याला ९ शिलिंग मिळत. मालकांनी ते ८ केले, मग ७, आणि आता ६ करणार म्हणाले. सहा शिलिंगांत बायकामुलांचं पोट कसं भरायचं? १८३३ च्या ऑक्टोबरात लव्हलेस आणि सोबत्यांनी मजुरांची संघटना काढली. प्रवेश फी एक शिलिंग, वर्गणी आठवड्याला एक पेनी. सभासद होताना डोळे बांधून गुप्ततेची शपथ घ्यायची.

संघटना काढणं १८२४ पासून गुन्हा नव्हता. मग यांना पकडायचं कसं? नौदलातल्या बंडखोरांसाठी १७९७ मध्ये केलेला, बेकायदा शपथांविरुद्धचा एक कायदा शोधून काढण्यात आला! २४ फेब्रुवारी १८३४ ला जॉर्ज, त्याचा भाऊ जेम्स, थॉमस स्टँडफील्ड, त्याचा मुलगा जॉन, जेम्स हॅमेट आणि जेम्स ब्राइन अशा सहा जणांना अटक झाली. शिक्षा काय, तर सात वर्षं काळं पाणी, तेही जहाजाने पार ऑस्ट्रेलियाला.

लोक गप्प बसले नाहीत. २१ एप्रिलला लंडनमध्ये प्रचंड मोर्चा निघाला, सह्यांचे अर्ज गेले. अखेर १८३६ मध्ये सरकारने सहाही जणांना माफी दिली. एकेक करून ते परतले. हॅमेट सगळ्यांत शेवटी, १८३९ मध्ये.

आणि चॅपल? गावात पुढे नवं चॅपल झालं आणि हे शेतीच्या कामाला गेलं. जिथे माणसं बोलायला शिकली तिथे शेतीचं सामान! भिंती खचत चालल्या. २०१५ मध्ये एका विश्वस्त संस्थेने ते विकत घेतलं. मग जुन्याच पद्धतीने माती वापरून दुरुस्ती झाली. आता ती जागा गावाची आहे. लोक तिथे जमतात, कार्यक्रम करतात, नुसतं शांत बसायलाही येतात.

जाल तेव्हा ज्याखाली मजूर जमत असं सांगतात, तो सिकॅमोरचा जुना वृक्षही बघा. जुलैमध्ये गेलात तर कामगारांची मोठी जत्राच भेटेल. आणि दगडी चर्चच्या आवारात हॅमेटचं थडगं आहे. बाकीचे पाच जण पुढे कॅनडाला निघून गेले. हॅमेट तेवढा इथेच राहिला आणि १८९१ मध्ये डॉर्चेस्टरच्या अनाथ-गरिबांच्या आश्रयगृहात वारला.