शब्द आणि कागद : घर भाड्याने देता-घेताना

मुलगा व्यवसायानिमित्त पुण्यात स्थायिक झाला आणि गावच्या पेठेतील दुकानावरचे राहते घर रिकामे पडले. वडिलांनी ते ओळखीच्या एका गृहस्थाला भाड्याने दिले. "घरचाच माणूस आहे, त्याच्याशी कागद कसला करायचा?" असे म्हणून किल्ली हातावर ठेवली. चार वर्षे भाडे वेळेवर येत राहिले. मग वडील निवर्तले. आईचा औषधपाण्याचा खर्च त्या भाड्यावरच चालत असे. अनामत किती घेतली होती, भाडेवाढ केव्हा करायची होती आणि घर कधी रिकामे व्हायचे होते, हे ज्यांना नेमके ठाऊक होते ते आता नव्हते. भाडेकरू अनामत एक लाखाची सांगतो, तर वहीत पन्नास हजारांची नोंद सापडते. कदाचित दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नसेल. तरीही बोलणे तुटते आणि दोन घरांमधला वर्षांचा स्नेह संपतो.

गावे बदलली, आकडे बदलले, तरी हा प्रसंग अनेक कुटुंबांना ओळखीचा वाटेल. व्यापारी घरात शब्दाला मोल असते, आणि ते असायलाच हवे. परंतु शब्दावर माल देणारा व्यापारीही संध्याकाळी वहीत नोंद करतो. ती नोंद अविश्वासापोटी नसते. स्मरणशक्तीला मर्यादा आहेत आणि आयुष्यालाही, म्हणून ती असते. राहत्या घराचा व्यवहार या नियमाला अपवाद का असावा?

भीतीचे मूळ

घर भाड्याने देण्याविषयी जुन्या पिढीच्या मनात जी धास्ती आहे, तिला इतिहास आहे. 1947च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरूंना मोठे संरक्षण दिले. त्यातून सुटण्यासाठी मालक भाडेपट्ट्याऐवजी 'लीव्ह अँड लायसन्स'चा, म्हणजे केवळ वापराच्या परवानगीचा, करार करू लागले. पुढे 1 फेब्रुवारी 1973 रोजी ज्यांचे असे करार चालू होते आणि जे जागेत राहत होते, त्यांना कायद्याने भाडेकरू मानले. तेव्हापासून "एकदा आत आलेला माणूस बाहेर जात नाही" हा समज पक्का झाला आणि कितीतरी घरांना कुलपे लागली.

आज परिस्थिती तशी नाही. 31 मार्च 2000पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 लागू आहे. या कायद्याच्या कलम 24नुसार, परवान्याची मुदत संपल्यावरही घर न सोडणाऱ्याविरुद्ध मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. मुदतीनंतरच्या काळासाठी ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. लेखी करारातील मजकूर तेथे निर्णायक पुरावा ठरतो. मात्र हे संरक्षण ज्याच्याजवळ कागद आहे त्याच्याच उपयोगी पडते.

अकरा महिन्यांचा गैरसमज

"करार अकरा महिन्यांचा असला की नोंदणी लागत नाही," असे सर्रास सांगितले जाते. महाराष्ट्रात हे खरे नाही. अधिनियमाच्या कलम 55नुसार करार कितीही मुदतीचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की नोंदणीकृत करार नसेल तर भाडेकरू सांगेल त्याच अटी, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खऱ्या मानल्या जातात. वरच्या प्रसंगातील मुलाची अडचण नेमकी हीच आहे.

खर्चाचे कारणही टिकत नाही. साठ महिन्यांपर्यंतच्या अशा करारावर मुद्रांक शुल्क 0.25 टक्के असते. उदाहरणार्थ, दरमहा 20,000 रुपये भाडे, एक लाख रुपये परतफेडीची अनामत आणि 36 महिन्यांची मुदत धरू. एकूण भाडे 7,20,000 रुपये झाले. अनामतीवर दरसाल 10 टक्क्यांनी धरलेले व्याज 30,000 रुपये. मिळून 7,50,000 रुपयांवर मुद्रांक शुल्क येते 1,875 रुपये. नोंदणी फी याहून निराळी भरावी लागते. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरून आधार क्रमांक आणि बोटांच्या ठशांच्या साहाय्याने घरबसल्या नोंदणी होते, त्यामुळे वृद्धांना कचेरीत खेटे घालावे लागत नाहीत.

करारात काय असावे

भाडे, अनामत, मुदत आणि दरवर्षीची वाढ अंकी व अक्षरी लिहावी. कोणत्याही बाजूने करार मध्येच संपवायचा झाल्यास किती महिन्यांची पूर्वसूचना द्यायची, हे स्पष्ट असावे. वीजबिल, पाणीपट्टी, मालमत्ता कर आणि संस्थेचा देखभाल खर्च यांपैकी कोणी काय भरायचे, तेही नमूद करावे. नळ, पंखा यांसारखी किरकोळ दुरुस्ती आणि छताची गळती, भिंतीची ओल यांसारखी मोठी दुरुस्ती यांत फरक करून जबाबदारी ठरवावी. स्वयंपाकघरातील आहारविषयक किंवा इतर काही अपेक्षा असेल तर ती बोलणी होतानाच मोकळेपणाने सांगावी. सामान आत आल्यावर घातलेली अट दोघांनाही क्लेश देते.

घर भावाभावांच्या सामाईक नावावर असल्यास सर्वांच्या सह्या घ्याव्यात किंवा एकाला रीतसर कुलमुखत्यारपत्र द्यावे. किल्ली देण्याच्या दिवशी दोघांनी मिळून घर पाहावे, वस्तूंची यादी करावी, भिंती व फरशीची छायाचित्रे घ्यावीत आणि वीजमीटरचा आकडा लिहून ठेवावा. अनामत परत करताना होणारे बहुतेक वाद या अर्ध्या तासात मिटतात.

देणाऱ्याचे कर्तव्य, घेणाऱ्याचे कर्तव्य

भाडे शक्यतो बँकेतून घ्यावे. रोख घेतल्यास त्याच वेळी पावती द्यावी. पावती देणे हे मालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. भाडे थकले म्हणून पाणी किंवा वीज तोडणे कायद्याला मान्य नाही. कितीही राग आला तरी मालकाने तो मार्ग धरू नये. सहकारी गृहनिर्माण संस्थेला भाडेकरूची माहिती व कराराची प्रत द्यावी. 1 ऑगस्ट 2001च्या शासन आदेशानुसार संस्थेला बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून अधिक आकारता येत नाही. भाडेकरूची माहिती स्थानिक पोलीस ठाण्यातही नोंदवावी. मिळालेले भाडे प्राप्तिकराच्या विवरणात दाखवावे. मालकाने भरलेला मालमत्ता कर वजा करून उरलेल्या रकमेवर 30 टक्के सरसकट वजावट मिळते, त्यामुळे लपवण्यात शहाणपण नाही.

भाडेकरूनेही समोरचा खरोखर मालक आहे की नाही, हे वीजबिल, मालमत्ता कराची पावती किंवा खरेदीखत पाहून तपासावे. घर बँकेकडे तारण असल्यास तसे विचारून घ्यावे. घर व कागद न पाहता केवळ फोनवरील बोलण्यावर आगाऊ रक्कम पाठवू नये. दरमहा भाडे 50,000 रुपयांहून अधिक असेल तर व्यक्तिगत भाडेकरूलाही त्यातून 2 टक्के करकपात करून ती सरकारजमा करावी लागते. घर सोडताना अनामतीचा हिशेब आणि ताबा परत दिल्याची पोच लेखी घ्यावी.

मालकाच्या दृष्टीने ते एक मालमत्ता असते. भाडेकरूच्या दृष्टीने तेथे मुलाची शाळा, वृद्धांचा दवाखाना आणि रोजचा संसार असतो. ही जाणीव ठेवूनच मुदत संपण्याच्या दोन-तीन महिने आधी पुढचे बोलणे करावे.

आणि एक शेवटची गोष्ट. कराराची एक प्रत मालकाच्या कपाटात बंद राहू नये. ती कोठे आहे, भाडे कोणत्या खात्यात येते, अनामत किती परत द्यायची आहे, हे पत्नीला आणि मुलांना माहीत असावे. अनामत हे परत करावयाचे देणे आहे. वहीतही ते देणे म्हणूनच लिहावे. म्हणजे उद्या घरातला कर्ता माणूस नसला, तरी मागे राहिलेल्यांना त्याने दिलेला शब्द नेमका कोणता होता हे कळेल, आणि तो पाळताही येईल.