रुसलेला हात

चार वर्षांपूर्वी आमच्या घरात एका हाताने रुसवा धरला. हात अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. आणि तोही उजवा. छत्तीस वर्षे शाळेच्या फळ्यावर मोत्यांसारखे अक्षर काढलेला. एके पहाटे त्या हातातून चहाचा कप निसटला, अण्णांची जीभ अडखळू लागली, आणि आम्ही त्यांना घेऊन रुग्णालयात धावलो. पक्षाघाताचा झटका होता. जीव वाचला, वाचा परत आली, महिनाभरात अण्णा डाव्या हातात काठी धरून चालूही लागले. उजवा हात मात्र मांडीवर नुसता पडून राहिला. आई म्हणे, "रुसलाय रे हात त्यांचा. येईल हळूहळू."

मग चांगल्या घरात जे होते तेच आमच्याकडेही झाले. आई घास भरवू लागली. मी दाढी करून देई, पत्नी सदऱ्याची बटणे लावी, नात चष्मा पुसून हातात ठेवी. उरलेसुरले अण्णांचा डावा हात करी. समाचाराला आलेली माणसे म्हणत, "भाग्यवान आहात, अण्णा!" आणि आम्हालाही मनातून बरे वाटे.

पाच महिन्यांनी एक तरुण फिजिओथेरपिस्ट मुलगी घरी येऊ लागली. तिने अण्णांना मनगट वर उचलायला सांगितले. ते थोडेसे उचलले गेले; बोटेही किंचित उघडली. तेवढ्यात आई भाताचे ताट घेऊन आली. ती मुलगी हळूच म्हणाली, "काकू, हात बराच जागा आहे हो. पण त्याला काम कुठे आहे? सगळी कामे तर तुम्हीच करता."

आईचा चेहरा उतरला. सेवेत दोष असू शकतो, हे तिने आयुष्यात प्रथमच ऐकले असावे.

मी मराठीचा मास्तर. वैद्यकाशी माझा संबंध डॉक्टरांचे अक्षर लावण्यापुरता. पण ते वाक्य मनात रुतून बसले आणि मी मिळेल ते वाचू लागलो.

या विचाराचे मूळ एडवर्ड टॉब या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांत आहे. त्याने माकडांच्या एका हाताच्या संवेदना नेणाऱ्या नसा कापल्या. हात हलवणाऱ्या नसा शाबूत ठेवल्या. तरीही माकड तो हात वापरीना. मात्र चांगला हात काही दिवस बांधून ठेवला, की तोच 'निकामी' हात खाणे उचलू लागे! टॉबने लावलेला अर्थ असा: सुरुवातीला हात खरोखरच चालत नाही. माकड प्रयत्न करते, फसते. दुसऱ्या हाताने काम झटकन होते. पुढे हातात शक्ती परतते, पण तोवर तो न वापरण्याचा धडा पक्का झालेला असतो. या माकडांच्या हालांवरून १९८१ साली अमेरिकेत मोठे वादळ उठले, खटलाही झाला. पुढे अपिलात शिक्षा रद्द झाली. ज्ञानाची किंमत कोणी मोजली, हे विसरू नये म्हणून सांगितले.

मेंदूत काय घडते याचा उलगडा रँडॉल्फ नुडो आणि सहकाऱ्यांच्या १९९६ च्या संशोधनाने बराच केला. मेंदूतील हाताच्या भागाला इजा झालेल्या माकडांकडून त्यांनी त्या हाताने नेटाने सराव करून घेतला. तेव्हा आसपासचा शाबूत भाग टिकून राहिला. काहींमध्ये तर हाताचे क्षेत्र शेजारी पसरले. कसलेले शेत आणि पडीक रान यांतलाच हा फरक.

माणसांवरची मोठी चाचणी २००६ साली प्रसिद्ध झाली. झटका येऊन तीन ते नऊ महिने झालेले २२२ रुग्ण तीत होते. ज्यांना हा उपचार दिला, त्यांच्या चांगल्या हाताला जागेपणीच्या बहुतेक वेळात एक जाड मोजा घातला, आणि दुबळ्या हाताकडून दोन आठवडे कसून कामे करून घेतली. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा त्यांचा हात अधिक सुधारला, आणि वर्षभरानंतरही तो फायदा टिकून होता. मात्र मनगट आणि बोटे थोडी तरी उचलता येणाऱ्यांसाठीच हा मार्ग आहे. हात अगदीच लुळा असेल तर तो उपयोगी नाही.

आता हात हलवून देणारे यंत्रमानवही निघाले आहेत. पण २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, १२७ रुग्णांच्या एका अमेरिकन चाचणीत यंत्राने करवलेला सराव आणि माणसाने तितक्याच नेटाने करवलेला सराव यांत विशेष फरक दिसला नाही. यंत्राचा गुण एवढाच, की ते कंटाळत नाही. एरवी उपचाराच्या एका बैठकीत हाताच्या उपयोगी हालचाली सरासरी ३२ च होतात, असे २००९ च्या एका पाहणीत आढळले होते. बत्तीस वेळा गिरवून कोणाचे अक्षर सुधारले आहे?

आमच्याकडे यंत्र आले नाही. गरम भांडी उतरवायचा जाड हातमोजा त्या मुलीच्या देखरेखीखाली अण्णांच्या डाव्या हातात चढला. चालताना तो काढायचा, कारण काठी त्याच हातात. जेवताना आणि सरावाला घालायचा. वाटाणे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकणे, कपड्यांचे चिमटे दोरीला लावणे, नाण्यांची चळत रचणे, अशी कामे होती. चमच्याच्या दांड्याला फडके गुंडाळून तो जाड केला. पहिल्या दिवशी दहीभाताला पाऊण तास लागला, आणि निम्मा भात लेंग्यावर सांडला. आई स्वयंपाकघरात पाठ फिरवून उभी होती. तिसऱ्या दिवशी अण्णांनी मोजा भिरकावून दिला. "मला काय शिक्षा केली आहे का?" ते ओरडले. चौथ्या दिवशी त्यांनी स्वतःच तो मागून घेतला.

हात पहिल्यासारखा झाला नाही. बटणे अजून लागत नाहीत, अक्षर वेडेवाकडे येते. पण चमचा, दाराची कडी, दिव्याचे बटण आणि वर्तमानपत्राचे पान एवढे त्यांचे राज्य त्यांना परत मिळाले. ज्यांच्या घरी असा रुसलेला हात असेल, त्यांनी मोजा आपल्या मनाने चढवू नये. जाणकाराला आधी हात दाखवावा. पण घास उचलण्यापूर्वी मात्र क्षणभर थांबावे.

गेल्या दिवाळीत फराळाच्या ताटातला बेसनाचा लाडू अण्णांनी उजव्या हाताने उचलला. तो चुरला. दुसरा उचलला, तोही चुरला. आईचा हात पुढे झाला आणि तसाच पदराखाली परत गेला.

तिसरा लाडू अण्णांनी खाल्ला.