विश्लेषण : डीजेच्या ठोक्यावर जॅझ कसा चढतो? मुंबईच्या आशा पुथली यांनी ५० वर्षांपूर्वीच केलेला प्रयोग

पातुरात लग्नाची तारीख निघाली की हॉल, आचारी आणि डीजे या तीन गोष्टी आधी ठरतात. बँडचं नाव नंतर निघतं, तेही परवडलं तर. वरातीत ट्रम्पेट वाजवणारा असलाच तर तो डीजेच्या गाडीच्या पुढे किंवा मागे, अंतर राखून चालतो. दोन्ही एकाच वेळी वाजले तर फक्त गोंगाट होतो, असा सगळ्यांचाच अनुभव.

पण जगात याच दोघांना एकत्र बसवून गर्दी खेचणारे कलाकार आहेत. ऑस्ट्रेलियाचा टिमी ट्रम्पेट जॅझ शिकलेला. त्याचं २०१४ मधलं ‘फ्रीक्स’ नाव माहीत नसलं तरी रीलमध्ये अनेकांनी ऐकलं असेल. नेदरलँड्सच्या सास्किया लारू या ट्रम्पेटवादक बाई १९९०च्या दशकापासून जॅझला हिप-हॉप आणि डान्स संगीताची जोड देत आल्या आहेत. आपल्याकडे असं कोणी आहे का? ट्रम्पेट हातात घेतलेली नाही, पण जॅझ गाऊन थेट नाचाच्या फ्लोअरवर पोहोचलेली एक मुंबईकर गायिका आहे.

आशा पुथली कोण?

जन्म १९४५, मुंबई. हिंदुस्थानी शास्त्रीय संगीताची तालीम आणि सोबत पाश्चात्त्य ऑपेराचंही शिक्षण. १९६०च्या दशकात मुंबईत ‘द सर्फर्स’ या बँडबरोबर त्यांची इंग्रजी गाण्यांची तबकडी निघाली. काही काळ विमानात हवाई सुंदरीची नोकरी केली. नृत्याच्या शिष्यवृत्तीवर त्या न्यूयॉर्कला गेल्या आणि तिथे जॉन हॅमंड यांच्या कानावर त्यांचा आवाज पडला. बिली हॉलिडे आणि बॉब डिलन यांना पुढे आणणारे तेच हे हॅमंड.

पुढची उडी मोठी होती. जॅझमधले बंडखोर ऑर्नेट कोलमन यांच्या ‘सायन्स फिक्शन’ या आल्बममध्ये त्यांनी दोन गाणी गायली. ध्वनिमुद्रण १९७१ चं, आल्बम आला १९७२ मध्ये. कोलमन यांच्या संगीतात ठरलेला स्वरसाचा जवळजवळ नसतो. सॅक्सोफोन, ट्रम्पेट आणि ड्रम आपापल्या वाटेने धावत असतात आणि गाणाऱ्याला धरायला खांब सापडत नाही. पुथली त्यातून शांतपणे स्वर लांबवत जातात. आलापाची सवय असलेल्या गळ्याला ते जमलं, असं मानायला जागा आहे. अमेरिकेतल्या ‘डाउनबीट’ या जॅझ मासिकाच्या समीक्षकांनीही त्यांची दखल घेतली.

इथेच थांबल्या असत्या तर जॅझच्या पुस्तकात एक ओळ मिळाली असती. त्या डिस्कोकडे वळल्या. १९७६ च्या ‘द डेव्हिल इज लूज’ या आल्बममधलं ‘स्पेस टॉक’ हे गाणं न्यूयॉर्कच्या ‘द लॉफ्ट’मध्ये डेव्हिड मँकुसो वाजवू लागला. आजच्या डीजे संस्कृतीची मुळं जिथे सापडतात, त्या जागांपैकी ही एक. खाली जड बेस, वर कुजबुजल्यासारखा, घाई नसलेला आवाज. १९९७ मध्ये रॅपर नोटोरियस बीआयजी याच्या गाण्यात याच ‘स्पेस टॉक’चा तुकडा वापरला गेला. अनेकांनी ती धून ऐकली, पण ती कुणाच्या गाण्यातली हे फार थोड्यांना माहीत होतं. आपल्याकडे तर नावही क्वचितच निघालं.

२०२४ मध्ये, ऐंशीच्या उंबरठ्यावर असताना, त्या इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवात गायल्या.

अडचण नेमकी कुठे येते?

नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीतात दर ठोक्याला किक ड्रम पडतो. मिनिटाला साधारण १२० ते १३० ठोके. गती १२५ असेल तर दोन ठोक्यांत ०.४८ सेकंदांचं अंतर, आणि मशीन ते एका केसानेही हलू देत नाही. जॅझचा जीव मात्र या हलण्यातच आहे. एका ठोक्याचे दोन भाग करायचे तर जॅझवाला ते समान करत नाही. पहिला लांब, दुसरा आखूड, ढोबळमानाने दोनास एक. दादऱ्याची झुलती चाल कानात असेल त्याला हे लगेच कळेल. मशीनचे समान तुकडे आणि वादकाचे असमान तुकडे एकमेकांवर पडले की वरातीत होतो तो गोंगाट तयार होतो.

यावरचा उपाय पुथलींच्या गाण्यात ऐकू येतो. ठोका खाली चालू द्यायचा आणि वर त्याच्याशी स्पर्धा करायची नाही. लांब स्वर, मध्ये मोकळी जागा. ट्रम्पेटलाही हेच लागू. वरातीत ट्रम्पेटवाला गाण्याची प्रत्येक ओळ वाजवतो, कारण गाणं ओळखू येणं ही त्याची जबाबदारी असते. डीजेबरोबर वाजवताना ती जबाबदारी संपते. आठ ठोक्यांत दोनच स्वर लावले आणि त्यांचा प्रतिध्वनी ठोक्याच्या हिशेबात बसवला, तरी पुरतं. हे काम आता मोबाइलमधलं फुकट ॲपही करतं.

मशीनही आपल्याकडे नवखं नाही. चित्रपटसंगीतात वाजवणारे चरणजित सिंग यांनी मुंबईत १९८२ मध्ये दहा राग डिस्कोच्या ठोक्यावर सिंथेसायझरने वाजवले. त्यासाठी वापरलेलं रोलँड कंपनीचं टीबी-३०३ हे बेसचं यंत्र तेव्हा बाजारात नवं होतं. शिकागोत त्याच यंत्रातून ‘अ‍ॅसिड हाउस’चा गाजलेला आवाज निघाला तो १९८७ मध्ये. सिंग यांचा आल्बम तेव्हा खपला नाही. २०१० मध्ये पुन्हा निघाल्यावर जगाने कान टवकारले.

ट्रम्पेट बायकांच्या हाती का नाही?

महाराष्ट्रात ट्रम्पेट दोन दारांनी लोकांपर्यंत आला. एक बँडचं, दुसरं गोव्याचं. पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चच्या शाळांत मुलांना नोटेशन शिकवत. त्यातले बरेच मुंबईत हॉटेलांच्या बँडमध्ये आणि मग चित्रपटांत आले. हळदोण्याचे चिक चॉकलेट त्यातले नामांकित. ‘अलबेला’च्या (१९५१) संगीतात ते सी. रामचंद्रांचे साहाय्यक होते. या चित्रपटाचे नायक भगवानदादा यांचा जन्म अमरावतीचा, म्हणजे नाचगाण्यात घुसलेल्या जॅझचा एक धागा वऱ्हाडापर्यंत येतो.

दोन्ही दारांतून आले ते पुरुषच. बँडचं काम बापाकडून मुलाकडे जाणारं, रात्रीचं, रस्त्यावरचं. ऑर्केस्ट्रात गाणाऱ्या बाईला निदान स्टेज होतं, वाजवणाऱ्या बाईला तेही नव्हतं. ‘फुंकायला दम लागतो, पोरींचं काम नाही’ हे वाक्य अजून ऐकू येतं. त्यात तथ्य नाही. ट्रम्पेट ही साधारण दीड मीटर लांबीची गुंडाळलेली पितळी नळी. आवाज ओठांच्या थरथरीतून निघतो आणि तीन बटणं दाबून नळीची लांबी वाढवता येते. वरचा स्वर लागतो तो ओठांच्या कमावलेल्या स्नायूंमुळे आणि श्वासावरच्या ताब्यामुळे. त्याला फुप्फुसाच्या आकारापेक्षा रोजचा रियाज लागतो. अमेरिकेत व्हॅलेडा स्नो १९२०-३०च्या दशकांत ट्रम्पेट वाजवत आणि गात जगभर फिरत होत्या. क्लोरा ब्रायंट यांनी १९५७ मध्ये आल्बम काढला, त्यात ट्रम्पेटही त्यांचा आणि आवाजही. एकाच वेळी दोन्ही करता येत नाही, हे खरं. कडवं गायचं, मग ओठ लावायचे. लूप वाजवणाऱ्या मशीनने ही अडचणही कमी केली आहे: आधी फुंकलेले स्वर मशीन फिरवत राहतं, तोवर गाता येतं.

वऱ्हाडातल्या बँडवाल्यांसाठी हा हौसेचा विषय नाही. डीजेने त्यांचा हंगाम आखूड केला. यंत्राशी भांडून तो परत मिळेल असं दिसत नाही. एका सुपारीत डीजे आणि एक ट्रम्पेट असा मेळ मात्र माणसाला उभं राहायला जागा देतो. तो वाजवणारी मुलगी असेल तर लोक मोबाइल काढतील, हेही सांगायला नको.

एक नियम मात्र दोघांनाही सारखाच आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० चे. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर लाउडस्पीकर बंद. त्या बंदीत नुसतं वाद्यही येतं. रात्री दहानंतर डीजेची गाडी थांबली म्हणून बँडने वाजवत राहायचं, असं करता येत नाही.