एका अक्षराचे तीन उच्चार

अभिजात चिनी ग्रंथांत एक अक्षर वारंवार भेटते. त्याच्या वरच्या भागात उच्चार सुचवणारी खूण असते, खाली हृदयाची. आजच्या प्रमाण चिनीत त्याचा उच्चार घसरत्या सुरात ‘अ’ केला, तर अर्थ ‘वाईट’. घसरत्याच सुरात ‘वू’ केला, तर ‘तिरस्कार करणे’. आणि उंच, सपाट सुरात ‘वू’ म्हटले, तर ‘कसे?’ किंवा ‘कुठे?’. लिहिण्यात काडीचाही फरक नाही. यातला तिसरा उच्चार उपरा आहे. प्रश्नार्थक शब्दासाठी ध्वनी जुळणारे हे अक्षर उसने घेतले गेले. पहिले दोन मात्र सख्खे आहेत आणि त्यांच्या नात्यात प्राचीन चिनीचे व्याकरण दडले आहे.

मराठीत ‘पडणे’चे ‘पाडणे’ झाले की काना लगेच दिसतो. चिनी अक्षर अख्ख्या शब्दाचे असल्याने असा आतला बदल त्यात उमटत नाही. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आंद्रे-जॉर्ज ओद्रिकूर यांनी 1954 मध्ये मांडले, की ‘छ्यू’ नावाचा जुना सूर शब्दाअखेरच्या लुप्त ‘स्’मधून आला. त्या हिशेबाने ‘वाईट’चे मूळ रूप ‘अक्’सारखे, तर ‘तिरस्कार करणे’चे ‘अक्स्’सारखे. पुढे ‘स्’ गेला आणि त्याच्याबरोबर त्याआधीचा ‘क्’ही. म्हणूनच कँटोनीजमध्ये ‘वाईट’ला आजही ‘ओक्’ आणि तिरस्काराला ‘वू’ म्हणतात. जपानीत याच अर्थांना ‘आकु’ आणि ‘ओ’ असे उच्चार आहेत.

17व्या शतकातले पंडित गू यानवू यांना हे भेद उत्तरकालीन शिक्षकांनी रचलेले वाटत. त्यांनी दाखला याच अक्षराचा दिला: ‘ली साव’ या प्राचीन काव्यात ‘वाईट’ या अर्थीही ते दुसऱ्या उच्चाराच्या यमकात येते. दाखला खरा आहे, आणि शिक्षकांनी नियम जास्त काटेकोर केले हेही मान्य करावे लागेल. पण त्यावरून दोन उच्चारांमधली सीमा सैल होती एवढेच ठरते. ‘चुंग’ एका सुरात ‘बी’, ‘छ्यू’ सुरात ‘पेरणे’. ‘माय’ एका सुरात ‘विकत घेणे’, ‘छ्यू’ सुरात ‘विकणे’. हे शेतातले आणि बाजारातले शब्द आहेत. पोथीतल्या कारागिरीने ते घडले असे मानणे अवघड आहे.

या भेदावर अर्थही अवलंबून असतो. कन्फ्यूशियसच्या ‘लुन्यू’त, चौथ्या प्रकरणात, एक वचन दोन्ही तऱ्हांनी वाचता येते: सद्भावाकडे मन लागलेल्या माणसात दुष्टपणा उरत नाही, की तिरस्कार? 12व्या शतकातले भाष्यकार चू शी यांनी पहिला अर्थ घेतला. तो अधिक पटतो, कारण लगेच आधीच्या वचनात सद्भावी माणूसच योग्य तऱ्हेने तिरस्कार करू शकतो, असे म्हटले आहे. इथे तिरस्कारच नाहीसा केला, तर आधीचे वचन निरर्थक ठरेल.